पडलेली गाडी उचलता आली पाहिजे

सप्रेम नमस्कार.

मी ५२ वर्षांचा आहे. कॉलेजात असताना एका मित्राच्या थोरल्या भावाच्या क्रूझरवर, म्हणजे लांबट, बुटक्या, जड मोटारसायकलवर, मागे बसून एकदा घरी आलो होतो. जेमतेम वीस मिनिटं. तेव्हापासून तशी गाडी आपली असावी असं मनात आहे. आधी नोकरी लागायची होती, मग लग्न, मग घराचे हप्ते, मग मुलीचं शिक्षण. आता हप्ते फिटले, मुलगी कमावती झाली. पैसे वेगळे काढून ठेवलेत, कर्ज काढावं लागणार नाही. गेल्या सहा महिन्यांत चार वेळा शोरूममध्ये जाऊन नुसता गाडीवर बसून आलो. 'एक चक्कर मारून बघा' म्हणाले, पण मी टाळलं. एवढी जड गाडी हातातून पडली तर, असं वाटलं. वीस वर्षांत गिअरची गाडी चालवलेली नाही, रोज स्कूटर असते. उंची पाच फूट पाच इंच. कंबर अधूनमधून धरते. मुलगी म्हणते, 'घ्या बाबा.' बायको म्हणते, 'घ्यायची तर घ्या, पण मी मागे बसणार नाही.' ते ऐकल्यापासून मन खट्टू झालंय. या वयात हा हट्ट शोभतो का? घेऊ, की सोडून देऊ?

— चार वेळा बसून आलेला

नमस्कार,

शोभण्याचं आधी उरकून टाकते. ज्यांचं देणं होतं ते देऊन झाल्यावर, कुणाच्या तोंडचं न काढता, साठवलेल्या पैशांतून माणूस तीस वर्षांपूर्वीची इच्छा पुरी करत असेल तर त्याला हट्ट म्हणत नाहीत. लोक काय म्हणतील ते दोन आठवडे म्हणतील. याहून जास्त वेळ मी या प्रश्नाला देणार नाही, कारण तुमच्या पत्रात खरी अडचण दुसरीकडेच आहे. मी तीन वेळा वाचलं ते वाक्य हे: 'एवढी जड गाडी हातातून पडली तर.'

ही भीती अगदी खरी आहे आणि तिला धीर देऊन भागणार नाही. मी माझी पहिली क्रूझर सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतली. तिसऱ्या दिवशी, चालण्याच्या वेगाने गाडी वळवत असताना समोर एक कुत्रं आलं आणि मी उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला. हँडल डावीकडे वळलेलं होतं. गाडी जागच्या जागी डावीकडे आडवी झाली. मला खरचटलंसुद्धा नाही, गाडीचा क्लचचा लिव्हर तेवढा वाकला. पण मला ती उचलता येईना. दोन अनोळखी माणसांनी उचलून दिली. त्यानंतर दोन महिने मी गाडी बाहेर काढायला घाबरत होते. पडल्याची भीती नव्हती. उचलता आली नाही, याची होती. एकटीने लांब गेले आणि पुन्हा असं झालं तर काय, हा विचार किल्ली हातात घेतली की यायचा.

मग मला एका जुन्या चालवणाऱ्याने उचलायला शिकवलं, आणि त्या एका तासात भीती जवळपास संपली. रीत तुम्हालाही सांगते, पण वाचून करू नका, कुणाकडून तरी समोर करून घ्या. आधी इंजिन बंद. पेट्रोल गळतंय का बघायचं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर ती पलीकडे कोसळत नाही. पहिला गिअर टाकायचा, म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल एका बाजूला पुरतं वळवून घ्यायचं. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकून उकिडवं बसायचं, एका हाताने जमिनीकडचं हँडल आणि दुसऱ्या हाताने सीटखालची चौकट पकडायची, सायलेन्सर तापलेला असतो त्याला हात लागू द्यायचा नाही, आणि पाठीचा कणा ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठायचं. गाडीकडे तोंड करून, वाकून, हातांनी ओढून उचलायला गेलात तर गाडी उचलणार नाही आणि तुमची अधूनमधून धरणारी कंबर कायमची धरेल. म्हणून हा सराव करण्याआधी कंबर डॉक्टरांना दाखवा. ते नको म्हणाले तर नको. मग गाडीचं वजन निवडताना तेच उत्तर धरून चाला आणि एकट्याने निर्जन रस्त्याला जाऊ नका.

वजनावरून गाडी निवडणं हे शोरूममध्ये सहसा कुणी सुचवत नाही. तिथे इंजिनाचे सीसी आणि रंग यांवर बोलणं होतं. तुम्ही कोणती गाडी मनात धरली आहे ते लिहिलेलं नाहीत, त्यामुळे अंदाज यावा म्हणून सांगते. होंडाची रिबेल ५०० साधारण १९० किलोची आहे आणि तिची सीट जमिनीपासून ६९० मिलिमीटरवर आहे. रॉयल एनफील्डची सुपर मीटिओर ६५० ही २४१ किलो, सीट ७४० मिलिमीटर. हार्ले-डेव्हिडसनची फॅट बॉय तीनशे किलोंच्या पुढे जाते. पाच फूट पाच इंचांच्या माणसाला क्रूझर हा प्रकार खरं तर सोयीचा, कारण सीट बुटकी असते आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकतात. पण सीटची नुसती उंची बघू नका, रुंदीही बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि कागदावर बुटकी असलेली गाडी पायाला उंच लागते. टाचा टेकल्या, आणि सीटवर बसल्या बसल्या पायांनी ढकलून गाडी दोन हात मागे नेता आली, तर ती तुमच्या मापाची. चवडेच टेकत असतील तर तो रंग कितीही आवडलेला असो, ती गाडी तुमची नव्हे.

आता त्या वीस मिनिटांबद्दल. तीस वर्षं माणूस एका गाडीचा रंग लक्षात ठेवत नाही, तो तिचा ठोका लक्षात ठेवतो. हार्लेच्या नावाशी जोडला गेलेला तो लंगडता ठोका येतो तो तिच्या दोन सिलिंडरांमधल्या ४५ अंशांच्या कोनामुळे. दोन्ही दट्टे (पिस्टन) क्रँकच्या, म्हणजे दट्ट्यांच्या वर-खाली हालण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, एकाच खुंटीला जोडलेले असल्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. क्रँक फिरताना एक ३१५ अंशांनी होतो, पुढचा ४०५ अंशांनी. कानाला ते घोड्याच्या टापांसारखं लागतं. शेजारी शेजारी उभे दोन सिलिंडर असलेल्या काही इंजिनांमध्येही क्रँकवरच्या दोन खुंट्यांत २७० अंशांचं अंतर ठेवून असा विषम ठोका मुद्दाम आणलेला असतो, सुपर मीटिओरचं इंजिन त्यांतलंच. रिबेल ५००मध्ये हे अंतर १८० अंशांचं आहे, त्यामुळे ती हलकी, बुटकी, शहाणी गाडी आहे खरी, पण तिचा आवाज तुम्ही तेव्हा ऐकलेल्या आवाजासारखा असण्याची शक्यता कमी. आणि तो जुना ठोका एका सिलिंडरच्या इंजिनाचा असेल, तर शोध पुन्हा वेगळा. म्हणून डोळे मिटून ऐका. मी हे अगदी गंभीरपणे सांगतेय. गाडी चालू करून बाजूला उभं राहा आणि ऐका. ज्या आवाजाने पोटात काही हललं नाही, ती गाडी दोन वर्षांत धूळ खात पडेल, मग ती मापात कितीही बसो. माप आणि ठोका दोन्ही जमतील अशी गाडी शोधायला वेळ लागला तर लागू द्या. तुम्ही तीस वर्षं थांबलात, अजून तीन महिने थांबा.

ते तीन महिने रिकामे घालवायचे नाहीत. तुम्ही रोज स्कूटर चालवता, यातच एक धोका आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बहुतेक स्कूटरवर डाव्या हाताचा लिव्हर हा मागचा ब्रेक असतो. गिअरच्या गाडीवर तोच लिव्हर क्लच असतो. वीस वर्षांत तुमच्या डाव्या हाताने हजारो वेळा ब्रेक दाबलाय. क्रूझरवर समोर अचानक कुणी आलं की तो हात विचारायला थांबणार नाही, तो लिव्हर आवळेल. गाडी थांबण्याऐवजी इंजिनापासून सुटेल आणि अडीचशे किलो मोकळे पुढे जातील. ही सवय डोक्याने मोडत नाही, हातानेच मोडावी लागते. मोटारसायकल शिकवणाऱ्या एखाद्या वर्गाला नाव घाला, नसेल तर दीड-दोनशे सीसीची साधी हलकी गिअरची गाडी कुणाकडून तरी मागून घ्या किंवा भाड्याने आणा, आणि मोकळ्या मैदानात रोज अर्धा तास काढा. पन्नास वेळा थांबा. शंभर वेळा थांबा. उजव्या हाताचा पुढचा ब्रेक आणि उजव्या पायाचा मागचा ब्रेक एकत्र लागू लागला आणि डावा हात शांत राहिला, की पुढे जा.

पुढे म्हणजे वेग वाढवायचा असं नाही, कमी करायचा. जड गाडी वेगात स्वतःच सरळ राहते, ती पडते ती चालण्याच्या वेगात. हाफ क्लचवर इंजिनाचा ओढा किंचित धरून ठेवायचा, मागचा ब्रेक पायाने हलका दाबून ठेवायचा, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, आणि नजर पुढच्या चाकावर नव्हे, जिथे जायचंय तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की काय होतं ते वर सांगितलंच. इंग्रजी आठच्या आकड्यात फिरणं, रस्त्याच्या रुंदीत मागे वळणं, चढावर थांबून पुन्हा सुटणं, हे सगळं कंटाळवाणं वाटेल. पण शोरूममधली तुमची भीती नेमकी इथली आहे, आणि ती इथेच जाते.

वेगातलं एकच सांगते. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. 'अरे' म्हणून ब्रेकपर्यंत हात जाईपर्यंत हे १७ मीटर संपलेले असतात, आणि गाडी थांबायला खरी सुरुवात त्यानंतर होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. लांबट, बुटक्या क्रूझरवर मागच्या चाकावर वजन बरंच राहतं, त्यामुळे तिचा मागचा ब्रेक इतर गाड्यांपेक्षा जास्त कामाचा, पण मुख्य काम तरीही पुढचाच करतो. तो झटक्याने आवळायचा नाही, लिंबू पिळावं तसा वाढवत न्यायचा. दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेलीच गाडी घ्या. या बाबतीत मी दुसरं मत ऐकून घेत नाही.

आणि मग गाडी येईल. इथे मला तुम्हाला एक जुना अभ्यास सांगायचा आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या मोटारसायकलींच्या नऊशेवर अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात दिसलं ते असं: अपघात झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झालेले नव्हते. एकूण मोटारसायकल चालवण्याचा अनुभव मात्र त्यांना सरासरी तीनेक वर्षांचा होता. म्हणजे चालवायला येत होतं, ती गाडी येत नव्हती. अहवाल जुना आहे, तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या, पण हे पाच महिने मी आजही ओळखीच्या प्रत्येकाला मोजायला लावते. तुम्हीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. त्या खुणेपर्यंत रात्री नको, पावसात नको, गटाबरोबर नको. गटातली माणसं चांगली असतात, पण पुढचा सुटला की मागचा आपसूक वेग वाढवतो, आणि नवा माणूस सगळ्यात मागे असतो.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा चूक त्या दुसऱ्या वाहनाची होती, आधी जाण्याचा हक्क मोटारसायकलचा असताना ते आडवं आलं होतं, आणि चालवणाऱ्याचं म्हणणं बहुधा 'मला दिसलीच नाही' असंच होतं. तेव्हा चौकात तुमचा हक्क आहे म्हणून जाऊ नका, समोरच्याने तुम्हाला पाहिलंय याची खात्री झाली म्हणून जा. अंगात उठून दिसणारा रंग घाला. आणि कृपा करून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवू नका. तो आवाज जातो मागे, धोका येतो पुढून, आणि झोपलेल्या लेकराला उठवणारी गाडी मला कधीच डौलदार वाटलेली नाही.

कंबरेचं. क्रूझरवर पाय पुढे ताणून बसायचं हे चित्रात ऐटदार दिसतं, पण पाय पुढे असले की खड्ड्यात मांड्यांवर उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडावरून थेट कंबरेत जातो. वारा छातीवर येतो, तो हातांनी धरून राहावं लागतं, त्याने खांदे भरतात. पायाचे ठेप गुडघ्याच्या खाली, मध्यावर असलेल्या क्रूझर मिळतात. त्याच बघा. पहिली चक्कर पाच मिनिटांची नको, निदान पाऊण तासाची मागा, कारण कंबर पाच मिनिटांत काही सांगत नाही. पुढेही दर तासाला उतरायचं आणि दोनशे पावलं चालायचं. डोळे तपासून घ्या, लांबच्या चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि आपल्याला कळलेलं नसतं. पन्नाशीनंतर समोरच्या दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो, रात्र टाळायला सांगितली त्याचं हेही एक कारण. रोजच्या गोळ्यांपैकी एखादीने पेंग येत असेल तर डॉक्टरांना गाडीचं सांगून ठेवा.

साठवलेल्या पैशांतून हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट आधी बाजूला काढा आणि उरेल त्यात गाडी बसवा. उलट करू नका. हेल्मेट पूर्ण तोंड झाकणारं, ईसीई २२.०६ हे आंतरराष्ट्रीय सुरक्षा-मानक असलेलं. अर्ध्या हेल्मेटची ऐट मला कळते, पण हनुवटीला ऐट कळत नाही. जॅकेटच्या खांद्या-कोपरांत आणि पाठीत सीई या युरोपीय मानकाचे संरक्षक असावेत. जुनी गाडी घेणार असाल तर टायरच्या कडेला छापलेले चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी इतका जुना टायर कडक झालेला असतो, तो बदलण्याचा खर्च किमतीत धरा.

राहिल्या तुमच्या सौभाग्यवती. 'मागे बसणार नाही' हे ऐकून तुम्ही खट्टू झालात, आणि मला त्यांचं वाक्य वाचून त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांनी 'घेऊ नका' म्हटलेलं नाही. तुमचा निर्णय तुम्हाला दिला आणि स्वतःच्या जिवाचा स्वतःकडे ठेवला. वीस वर्षांत गिअरची गाडी न चालवलेल्या माणसाच्या मागे, नव्या जड गाडीवर बसायला कुणी नकार दिला तर तो नकार बरोबरच आहे. तुम्ही जरी 'चल ना' म्हणून गळ घातली असतीत तरी मी त्यांना नको म्हणूनच कळवलं असतं. मागे माणूस बसला की वजन उंचावर आणि मागे जातं, हळू वेगातला तोल बदलतो, थांबायचं अंतर वाढतं, आणि क्रूझरची मागची सीट सहसा नावापुरती असते. तुमच्या मनात तीस वर्षं जे चित्र आहे त्यात मागे कुणीतरी बसलेलं असेल, तेव्हा तुम्ही बसला होतात तसं. ते मी समजू शकते. पण पाच महिने संपेपर्यंत हा विषय काढूसुद्धा नका. त्यांच्यासाठी गुपचूप दुसरं हेल्मेट आणून ठेवू नका, त्याला भेट म्हणत नाहीत, आग्रह म्हणतात. मुलीला मध्ये घालू नका.

त्याऐवजी निघताना कुठे चाललात आणि किती वाजता याल ते सांगा, आणि त्या वेळेला या. दहा मिनिटं उशीर होणार असेल तर थांबून फोन करा. विम्याचे कागद कुठे आहेत ते त्यांना दाखवून ठेवा. या गोष्टींवर जेव्हा बोलाल तेव्हा त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा आणि उत्तर मिळाल्यावर गप्प बसून ऐका. समजूत घालू नका. वर्षभराने त्या मागे बसतील, कदाचित कधीच बसणार नाहीत. त्या बसल्या नाहीत तरी गाडी तुमचीच आहे, आणि एकट्याने चालवण्यात काही कमी नाही. मी नऊ वर्षं बहुतेक एकटीच चालवतेय.

सोडून देण्याचं म्हणाल, तर मैदानातल्या त्या तीन महिन्यांत तुम्हाला स्वतःलाच कळेल. हलक्या गाडीवरही जीव रमला नाही, कंबर रोज बोलू लागली, तर सोडा. तेव्हा सोडलेलं टोचणार नाही, कारण करून पाहिलेलं असेल.

या रविवारी पाचव्यांदा जाल तेव्हा गाडीवर बसू नका. शोरूममधल्या कुणाला पलीकडच्या बाजूने उभं राहायला सांगा, तुम्ही डावीकडे उभे राहा, दोन्ही हातांनी हँडल धरा, साइड स्टँडवरून गाडी सरळ करा आणि ती कुठल्या जागी हलकी होते ते शोधा. प्रत्येक गाडीची ती एक जागा असते, तिथे अडीचशे किलो दोन बोटांवर उभे राहतात. मग दहा पावलं ढकलत चालवा, दहा पावलं मागे आणा आणि स्टँडला लावा. घाम आला का, कंबरेत काही जाणवलं का, हे घरी येऊन लिहून ठेवा आणि मला कळवा. कोणती गाडी होती तेही कळवा.